पुढचं सांगायचं न्हाई

आत्याबाईंनी माझ्यादेखत माझं पुस्तक उसवलं, तेव्हा मला सासरी येऊन आठवडाही झाला नव्हता. मांडी घालून बसल्या, गाद्या शिवायचं मोठं दाभण घेतलं, पुस्तकाच्या पाठीत खुपसलं आणि टाका टाका सोडवत गेल्या. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली कोरी करकरीत कादंबरी! वाशीमहून निघताना ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत जपून आणलेली. मी नवी नवरी, अडवणार कशी? डोळ्यांना मात्र धार लागली. आत्याबाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून रडून राहिलीस गं? पुस्तक एक अन् घरं धा. आख्खं ठेवलं तर एकाच घरचं पोट भरतं."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण, गोदावरी. लहान वयात विधवा होऊन माहेरी आल्या आणि भावाच्या शेताचा सगळा कारभार त्यांनी अंगावर घेतला. आमचं गाव जवळा बाजार या मोठ्या गावाच्या अलीकडचं. तेव्हा निजामाचं राज्य. शाळेत उर्दू, आणि मराठी कादंबरी औषधालासुद्धा मिळायची नाही. वऱ्हाडात, इंग्रजांच्या हद्दीत, कुणी पाहुणा निघाला की आत्याबाई त्याला कादंबरी आणायचं बजावत. माझं माहेर वाशीमचं म्हणूनच त्यांनी मला पसंत केली, असं आमचे हे थट्टेनं म्हणत. मला ती कधी थट्टा वाटली नाही.

उसवलेल्या पुस्तकाचे सोळा सोळा पानांचे भाग निघत. एकेक भाग एकेका घरी जाई. त्या घरात ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची, बाकीचे हातातलं काम टाकून ऐकत, आणि मग तो भाग पुढच्या घरी. छापणाऱ्याला कुठे पर्वा होती? भाग संपायचा तो ऐन वाक्याच्या मधे. "घोडा उधळला आणि त्याच्या पाठीवरून" एवढ्यावर पानं संपली की आख्खं घर डोकं धरून बसे.

आत्याबाईंचा कायदा एकच. पुढचं सांगायचं न्हाई. ज्याचं वाचून झालं त्यानं तोंडाला कुलूप लावायचं. एकदा पाटलीणबाईंना राहवलं नाही. विहिरीवर दोर ओढता ओढता बोलून गेल्या, "अगं, तो गोसावी तिचा सख्खा भाऊ निघतोय की!" झालं! सगळ्या बायका घागरी धरून जागच्या जागी उभ्या. मी तर कपाळच बडवून घेतलं, आमच्या घरी तो भाग यायचा होता. आत्याबाईंनी त्याच दिवशी पाटलांचं घर फेरीतून काढून टाकलं. मग खुद्द पाटील पागोटं सावरत आमच्या ओट्यावर हजर! "आत्याबाई, कसूर माफ करा. घरात सैपाक होऊन न्हाई राहिला. बायको म्हणते, आधी भाग आणा, मंग भाकर मागा." ज्याच्यापुढे गाव चळाचळा कापे, तो माणूस सोळा पानांसाठी हात जोडून उभा. आत्याबाईंनी त्यांना चहा दिला; भाग काही दिला नाही.

एकदा मात्र त्यांचीच फजिती झाली. दोन कादंबऱ्या एकाच वेळी गावात फिरत होत्या आणि भागांची सरमिसळ झाली. एका घरी जंगलात वाघाच्या तावडीत सापडलेली बाई पुढच्या पानावर पुण्याच्या कोर्टात साक्ष देऊ लागली. तिचं नाव बदललं, नवरा बदलला, तरी त्या घरात कुणी हूं की चूं केलं नाही. कळलं तेव्हा आत्याबाईंनी आ वासला. "अगं, तुमाला शंका कशी न्हाई आली?" त्या घरची म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाईमाणसाचं असंच असतंय. लगीन झालं की नाव बदलतंय, गाव बदलतंय. आमी म्हणलं, दुसरं लगीन लावलं असंल."

शेवटचा भाग सगळी घरं फिरून रहीमाबीकडे जाई. रहीमाबी म्हणजे मागच्या गल्लीतल्या पिंजाऱ्याची बायको, आत्याबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. ते दाभण तिचंच. तिच्या घरात अक्षर कुणालाच येत नव्हतं, म्हणून आत्याबाई दुपारच्या तिच्या ओट्यावर जाऊन वाचत आणि ती गादीत कापूस भरता भरता ऐके. परत येत तेव्हा आत्याबाईंच्या केसांत कापूस अडकलेला असे. शेवटचा भाग त्या आधी कधीच वाचत नसत. आमच्या घरी तो वाचायचा असला की सरळ शेतात निघून जात. शेवट ऐकायचा तो दोघींनी मिळून, असा त्यांचा रिवाज होता.

आणि ऐकणं तरी कसं! सरोजा नावाच्या एका नायिकेला दुष्टांनी तळघरात कोंडलं, तेव्हा रहीमाबीनं दर्ग्यात मन्नत मागितली आणि आत्याबाईंनी औंढ्याला नागनाथाला अभिषेक बोलला. मला हसू आवरेना. "अहो आत्याबाई, कागदावरच्या बाईसाठी नवस?" त्या माझ्यावरच डाफरल्या, "संकट तर खरंच हाय ना? बाई कागदाची असली म्हणून काय झालं?"

त्या सरोजेचीच गोष्ट अर्धवट राहिली. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. रझाकारांच्या धास्तीनं घरं भराभर रिकामी होत होती, आणि आम्हीही माझ्या माहेरी वाशीमला जायचं ठरवलं. शेवटून दुसरा भाग आदल्या दिवशीच दोघींचा झाला होता. "सरोजेने थरथरत्या हाताने कडी काढली आणि समोर पाहते तो" इथे पानं संपली होती. फेरी मोडल्यामुळे शेवटचा भाग अजून कुणाच्याच घरी वाचला गेला नव्हता. गाड्या जुंपल्या, तशी रहीमाबी रस्त्यासाठी भाकरी घेऊन आली. आत्याबाईंनी शेवटचा भाग फडक्यात बांधून तिच्या हातात ठेवला. "जपून ठेव. आल्यावर वाचू." ती म्हणाली, "अमानत हाय गोदे. तुज्याबिगर कुणाला हात लावू देणार न्हाई. अन् घराची फिकीर करू नको, आमचा मानूस तुमच्या ओट्यावर निजंल."

वाशीमला माझ्या भावानं त्याच कादंबरीची नवी प्रत आणून दिली. मी उड्या मारत आत्याबाईंपुढे ठेवली. त्यांनी ती न उघडता बोचक्यात बांधून टाकली. मी रडकुंडीला आले, पण त्या बधल्या नाहीत.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. आमच्या घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. दाणा हलला नव्हता. आणि मागच्या गल्लीत रहीमाबीच्या घराला छप्परच नव्हतं. भिंती काळ्या, ओट्यावर जळक्या कापसाचा चिखल. कुणी केलं? बाहेरचे लोक आले होते, म्हणाले. कुणी नजरेला नजर देईना. ज्या माणसानं आमच्या ओट्यावर झोपून आमचं घर राखलं, त्याचं घर आमच्याच गावानं राखलं नाही. आजही हे लिहिताना माझा हात थांबतो. ती दोघं कुठे गेली विचारलं, तर सांगण्यात आलं, वाटेतच संपली.

आत्याबाई रडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी बोचकं सोडलं, नवी कादंबरी घेतली आणि त्या जळक्या ओट्यावर जाऊन बसल्या. शेवटची पानं उघडली आणि मोठ्यानं वाचू लागल्या. आधी बायका दारांत आल्या, मग पुरुष आले. पाटील आले आणि लांबच उभे राहिले. रिकाम्या घराला कादंबरी वाचून दाखवणारी बाई कुणी पाहिली होती? सगळा गाव हबकून गेला होता, पण त्यांना थांबवायची कुणाची छाती झाली नाही. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. "संपलं गं, रहीमा," म्हणाल्या आणि घरी येऊन चूल पेटवली.

हुरड्याच्या दिवसांत एकदा दुपारी आमच्या दाराची कडी वाजली. आत्याबाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. दारात रहीमाबी! वाळून काडी झालेली, अंगावर कुणाचं तरी जुनेर. मी तर किंचाळलेच. दोघं जिवानिशी निसटली होती आणि डोंगरकडा गावात एका कुणब्यानं त्यांना आपल्या गोठ्यात ठेवून घेतलं होतं. आत्याबाई तिला धरून हमसाहमशी रडल्या. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी ओटीवर बसली, कनवटीचं फडकं सोडलं आणि चुरगळलेली पानं पुढे केली. "तुजी अमानत घे. अन् वाच आता."

आत्याबाईंनी पानं हातात घेतली, चष्मा लावला. पण पहिला शब्द वाचायच्या आधीच त्यांचा चेहरा पिळवटला. रहीमाबी बघतच राहिली.

"अजून दार उघडलं न्हाई, अन् तू रडून राहिलीस काहून? तुजं तोंड म्या वळखते गोदे. तू आधी वाचलंस."

आत्याबाईंनी पानं मांडीवर ठेवली.

"घर जळालं. पिंजायची धनुकली जळाली. म्या रडले न्हाई. येवढं एक राहिलं होतं दोघीचं, तेबी तू एकटीनं उरकून घेतलंस?" आणि ती बाई, जी इतका वेळ कोरडी होती, ती ढसाढसा रडायला लागली.

"एकटीनं न्हाई गं," आत्याबाई कशाबशा बोलल्या. "तुज्याच ओट्यावर बसून वाचलं. मोठ्यानं. तुला मेली समजून."

मग रहीमाबीनं पदरानं तोंड पुसलं. "मंग ते मेलेल्या रहीमाला वाचलंस. आता जित्तीला वाच. पयल्या पानापासून."

ती काही दिवस आमच्याकडे राहिली आणि आत्याबाईंनी सगळी कादंबरी तिला पुन्हा वाचून दाखवली. शेवटी सरोजेनं कडी काढली, दारात कोण उभं होतं ते आलं. मी रहीमाबीकडे पाहत होते. ती तोंडात बोट घालून बसली होती. मग म्हणाली, "हे? येवढंच?"

"मंग तुला कोण वाटलं होतं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तू," ती म्हणाली. "गोठ्यात बसून रोज दाराकडं बगत होते. कडी निघंल अन् समोर गोदा असंल."

ती पुन्हा गावात राहायला आली नाही. डोंगरकड्यालाच त्यांनी बस्तान बसवलं. निघताना तिनं आपलं दाभण मागून घेतलं. गाद्या शिवायला लागत होतं. त्यानंतर आमच्या घरी एकही पुस्तक उसवलं गेलं नाही. आत्याबाई डोंगरकड्याला जायच्या तेव्हा आख्खी कादंबरी घेऊन जायच्या, आणि तिची शेवटची पानं सुतळीनं बांधलेली असायची.