चांगुणाकाकीची ताटं

चांगुणाकाकीच्या तोंडाला लागू नये, हे मला लग्न होऊन आल्याबरोबर कळलं. मी आसनगावची, आणि ही माझ्या नवऱ्याची चुलती, भिंतीला भिंत लागून घर. मुरबाडच्या बाजारात मी एकदा तेलाची प्लास्टिकची पिशवी घेतली, तर बाई भर रस्त्यात ओरडली, "घरात बाटल्या काय नाचवायला ठेवल्यात का गो?" ती स्वतः काचेची बाटली घेऊन जायची आणि मापाला डोळा लावून दुकानदाराकडून भरून घ्यायची. पर्यावरण-बिर्यावरण काही नाही हां. शुद्ध चिकटपणा.

आमची बौद्धवाडी वैशाखऱ्याच्या रस्त्याला, गावाच्या कडेला. गावकीची मोठी भांडी देवळामागच्या खोलीत असायची आणि कुणाच्याही लग्नाला मिळायची. आम्हाला तोंडावर कुणी नाही म्हणायचं नाही, पण आमच्या लग्नाच्या दिवशी ती भांडी नेमकी दुसरीकडे गेलेली असायची! दरवेळी! शेवटी नव्वदच्या सुमारास काकीनं वाडीतल्या बायका गोळा करून मंडळ काढलं. मजुरीतून वाचवून वाचवून टोप घेतले, पराती घेतल्या, प्रत्येकावर मंडळाचं नाव कोरून घेतलं आणि विहारामागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली काकीच्या कमरेला. बाळारामकाका, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, "माझ्यापेक्षा हिची माया त्या टोपांवर." काकी म्हणायची, "टोप उलटून बोलत नायत."

मग सव्वीस जुलैचा तो मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर बघावं तर बांधाबांधाला, कुंपणाकुंपणाला प्लास्टिक लटकलेलं. त्याच हिवाळ्यात एका संस्थेचा मुकेश मोटारसायकलवरून आमच्याकडे आला. लग्नकार्यात थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास वापरून फेकायचे, ते बंद करायचं म्हणून संस्था महिला मंडळांना स्टीलची ताटं आणि पेले देत होती. मंडळानं ती सांभाळायची, लागेल त्याला थोड्या भाड्यानं द्यायची, परत आली की पुढच्याला द्यायची. आमच्याकडे खोली होती, कुलूप होतं आणि काकी होती. आणखी काय पाहिजे?

संस्थेची एकच अट होती. ताटं गावभर वापरात आली नाहीत, तर पावसाळ्याआधी दुसऱ्या मंडळाला जाणार.

काकीचीही एक अट होती. ताटं ज्याच्या मांडवात, घासणारे हात त्याच्याच घरचे. आमच्यातली एकही बाई गावातलं उष्टं ताट घासायला जाणार नाही.

"काकी, लोक प्लास्टिक आणतात ते घासायचा कंटाळा म्हणूनच ना?" मुकेश म्हणाला. "वरून ही अट घातली तर कोण नेईल?"

काकीनं त्याला समोर बसवलं. "माजी आय या गाववाल्यांच्या मांडवाच्या मागं बसायची. सगळी जेवून उठली की उष्ट्या पत्रावळी उचलायची आन त्यातलंच आमाला आणायची. आमी धम्म घेतला आन त्या दिवशी तिनं ती टोपली फेकली. आता मी ताटांच्या नावानं ती परत उचलू काय रे?"

मुकेशनं ती अट मान्य केली.

ताटांवरही नाव कोरलं गेलं. वाडीतली लग्नं, बारशी झाली, ताटं गेली आणि आली. गावातून मात्र कुणी फिरकलं नाही. वैशाख लागला तसा मुकेश तोंड पाडून आला. संस्थेत बोलणं झालं होतं, ताटं शहापूरकडच्या एका मंडळाला द्यायची. संध्याकाळी काकी खोलीत एकटीच ताटं पुसत बसली होती. पुसलेलीच परत पुसत होती.

आणि अशात गावातला काळूराम पाटील आला. त्याच्या लेकीचं, पिंकीचं लग्न ठरलं होतं. आदल्या वर्षी शेजारच्या लग्नातला कचरा ओढ्याकाठी टाकलेला, त्यातला भात प्लास्टिकसकट खाऊन त्याची दुभती गाय गेली होती. तेव्हापासून प्लास्टिकचं नाव काढलं की पाटलाच्या घरात भांडण.

विहाराच्या फाटकाबाहेर उभा राहूनच तो म्हणाला, "चांगुणे, ताटं पायजेत. आन घासायला चार बाया पाठव. दिवसाचा रोज देतो."

"ताटं न्या. बाया नाय."

"मंग घासणार कोण?"

"तुमच्या घरात बाया नायत का?"

पाटील लालेलाल झाला आणि तसाच माघारी गेला. वाडीत गलका उडाला. शेजारची ठकी म्हणाली, "रोज मिळत व्हता गो, फुकट थोडंच?" मी पण चिडले. म्हटलं, "काकी, एवढी चालून आलेली गिऱ्हाइकी, आता ताटं जातील शहापूरला, बसा मग अट कुरवाळत!" ती म्हणाली, "जाऊ देत."

बाळारामकाका तेवढे निवांत. "अडला हरी गाढवाचे पाय धरी. येईल परत."

"म्हंजे मी गाढव का ओ?"

काका सुपारी कातरत बसले.

दोन-तीन दिवसांनी आली ती पाटलीण. मथुराबाई. जन्मात कधी आमच्या वाडीत पाऊल टाकलं नव्हतं बाईनं. ती फाटकातून आत आली आणि विहाराच्या पायरीजवळ उभी राहिली.

"गाय माजी होती," ती म्हणाली. "वासरू होती तवापासून मी वाढवलेली. माज्या मांडीवर डोकं ठेवून मेली. माज्या लेकीच्या लग्नात ते प्लास्टिक नको. मी घाशीन, माज्या जावा घासतील. ताटं दे."

काकीनं कमरेची किल्ली काढली.

लग्नाला आम्हालाही बोलावणं होतं. पंगत बसली, तीच ताटं सगळ्यांना. काठावर ठळक अक्षरांत 'रमाई महिला मंडळ, बौद्धवाडी'. माझ्यासमोरच्या एका म्हाताऱ्यानं ते वाचलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग भात पडला, वरण पडलं, भूक तर लागलीच होती. जेवला निमूट! मला असं हसू येत होतं, काकीनं मांडीला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून ताटं विहारात परत आली. बरोबर पाटलीण होती, तिची जाऊ होती. दोघींची बोटं राखेनं काळी पडलेली. काकी ओट्यावर बसली आणि एकेक ताट हातात घेऊन बघायला लागली. काठावरून बोट फिरवायची, उन्हात धरायची, बाजूला ठेवायची. वाडीतल्या बायका जमल्या होत्या.

मधलंच एक ताट काकीनं पुढं केलं. "वयनी, हे राहिलंय."

मी शेजारीच बसले होते. ताट आरशासारखं लख्ख होतं. शीत नाही, डाग नाही, तेलाचा ओशटपणा नाही. मी काकीचं कोपर दाबलं, तिनं ते झटकलं.

पाटलिणीनं ताट घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. तिलाही दिसलंच की. मग तिनं काकीच्या तोंडाकडे नीट बघितलं. जाऊ काहीतरी बोलायला गेली, तिला पाटलिणीनं हातानंच थांबवलं. विहाराच्या नळावर गेली, लुगडं सावरून उकिडवी बसली आणि ते स्वच्छ ताट सगळ्यांसमोर घासलं. काठ घासला, पाठ घासली, तीन पाण्यांनी धुतलं. पदरानं कोरडं करून काकीच्या हातात दिलं.

"आता झालं?"

"झालं," काकी म्हणाली. "आता झालं, वयनी. बसा, च्या ठेवते."

पाटलीण बसली.

त्या गेल्यावर काकीनं खोलीला कुलूप लावलं; ताटं आता शहापूरला जाणार नव्हती. आम्ही घराकडे निघालो. मी तिच्यावर चिडणारच होते, म्हणणार होते की हे काय वागणं झालं. तर तीच वाटेत थांबली, माझा दंड धरला. डोळे भरून आले होते आणि हसतही होती.

"वाईट वाटतंय गो मला, पौर्णिमे," ती म्हणाली. "आन जाम बरंबी वाटतंय."