आल्यावर नेतो

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्यांना सगळे 'कडक' म्हणतात. तोंडावर कडककाका. हे नाव त्यांच्या इस्त्रीला पडलेलं आहे, स्वभावाला नाही. स्वभावाने माणूस इतका मऊ की स्वतःच उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाने आवाज चढवला तरी हे म्हणणार, "चुकलंच माझं." माझं चष्म्यांचं दुकान त्यांच्या बरोब्बर समोर. मधला रस्ता एवढा अरुंद की आम्ही आपापल्या खुर्चीत बसून भांडू शकतो, आणि बऱ्याचदा भांडतोही.

शर्टाला इस्त्री करताना ते आधी कॉलर घेतात, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ, आणि समोरची बाजू सगळ्यात शेवटी. "लोक समोरूनच बघतात हो, पण माणूस ओळखायचा कॉलरवरून," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने काढलेली. कुणाची दोन टिंबं, कुणाचा त्रिकोण. गल्लीच्या टोकाला, बेकरीच्या वर राहणाऱ्या वैमानिकाची खूण म्हणजे एक छोटं विमान. काका त्याला विमान म्हणत. आम्हाला ते बेरजेचं चिन्ह वाटे. पण काकांना त्या खुणेचं फार कौतुक, कारण हा मुलगा शाळेत होता तेव्हापासून त्याचे कपडे त्यांच्याकडेच यायचे. शाळेचा शर्ट, मग कॉलेजचा, मग खांद्यावर पट्ट्या लावायचा पांढराशुभ्र. एवढा मोठा साहेब झाला तरी दुकानात आला की काकूंच्या डब्यातली बडीशेप न विचारता तोंडात टाकायचा.

काकू गल्ल्यामागे स्टुलावर बसून कपडे घ्यायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एकाची पँट दुसऱ्याला जायला लागली, तेव्हा मीच काकांना म्हटलं, "आता माझ्या चष्म्याने भागायचं नाही. ऑपरेशन करून टाका." काकांनी तारीख घेतली. मग सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं, दुकान काही दिवस बंद, प्रत्येकाने आपापले कपडे घेऊन जावे, नवीन एकही घेणार नाही. शेवटच्या दिवशी ही झुंबड. वैमानिकही आला, भलंथोरलं गाठोडं छातीशी धरून बाहेर पडला आणि दारातून काकांना म्हणाला, "सांभाळा हं काका." काकांनी मान डोलावली. काकूंना सांभाळा, हाच त्याचा अर्थ. दुसरा असायचं कारणच नव्हतं.

त्याच आठवड्यात दोनशेवर माणसं घेऊन निघालेलं एक विमान समुद्रावर असताना रडारवरून दिसेनासं झालं. चालवणारा आमचा वैमानिक होता.

पहिले काही दिवस गल्ली खरंच गप्प होती. मग मात्र तोंडं सुटली. केशकर्तनालयवाला वस्तरा हवेत धरून सांगायचा की विमान एका बेटावर उतरवलंय आणि माणसं जिवंत आहेत, फक्त सांगायची बंदी आहे. औषधांच्या दुकानदाराचा संशय मालावर. "विमानाच्या पोटात काय भरलं होतं ते का नाही सांगत?" असं म्हणून तो डोळे मिचकावायचा, जणू भरताना हाच हजर होता. कुणी म्हणे प्रवाशांचे फोन अजून वाजतात. कुणी म्हणे विम्याचा खेळ. मी म्हटलं, "समुद्रात पडलं असेल, दुसरं काय होणार?" तर माझ्याकडे सगळे असे बघायला लागले की जणू मीच पाडलं. साधं उत्तर कुणाला नको असतं. त्यात दुःख तेवढं उरतं, आणि बोलायला काही राहत नाही.

अशात एक दिवस टीव्हीवरची बातमीदार मुलगी कॅमेरा घेऊन गल्लीत आली. काका नेमके दुकान उघडून हवा खेळवत बसले होते. काकू ऑपरेशननंतर बहिणीकडे होत्या. मुलीने गोड आवाजात विचारलं, "शेवटचे आले तेव्हा काही वेगळं जाणवलं का हो काका?"

आता हा माणूस आयुष्यात कधी कुणाला 'माहीत नाही' म्हणाला नाही. समोरच्याचं मन मोडायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. ते आठवू लागले. म्हणाले, "नेहमी त्याचे एकदोन शर्ट माझ्याकडे असायचेच. या खेपेला मात्र सगळे नेले. एकसुद्धा मागे नाही ठेवला. आणि जाताना म्हणाला, सांभाळा." इथे त्यांचा गळा दाटला. पुढे त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं, दुकान बंद ठेवल्याचं सांगितलं. समोर बसून मी ते माझ्या कानांनी ऐकलं. टीव्हीवर दिसलं ते फक्त गळा दाटण्यापर्यंत.

संध्याकाळपर्यंत तेच सगळीकडे. 'एकही शर्ट मागे ठेवला नाही.' सुतावरून स्वर्ग गाठणारे देशोदेशी बसलेलेच असतात. त्याला परत यायचंच नव्हतं, त्याने सगळं आधीच ठरवलं होतं, त्यानेच माणसं बुडवली, आणि याला साक्षीदार कोण, तर त्याला लहानपणापासून ओळखणारा लाँड्रीवाला. काकांचा तो रडवेला चेहरा फोनाफोनांतून फिरला. केशकर्तनालयवाल्याने बेट सोडून दिलं आणि तोही हेच सांगू लागला.

बेकरीच्या वर वैमानिकाची आई राहत होती. तिच्या जिन्यात कुणीतरी 'खुनी' असं रंगवून गेलं. नात शाळेत रडायला लागली म्हणून सूनबाई तिला घेऊन माहेरी गेली. आईने दारावरची पाटी काढली, पडदे लावले. मुलगा गेला म्हणून रडायचं, की त्याने मारलं म्हणतात म्हणून मान खाली घालायची, दोन्ही त्या एकट्या बाईच्याच वाट्याला.

काका तिची माफी मागायला गेले. दार उघडलं नाही. मग त्यांनी त्या बातमीदार मुलीला फोन केला, पुन्हा बोलावलं, सगळं नीट सांगितलं. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी बातमी आली, 'लाँड्रीवाल्याने शब्द फिरवला.' कुणाच्या दबावाखाली, अशी चर्चा सुरू झाली. अनोळखी लोक दुकानापुढे उभे राहून फोटो काढायला लागले. एकाने तर विचारलं, "काका, त्याच्या खिशात कधी नकाशा सापडला होता का?" काका आत गेले आणि पाण्याच्या बादलीजवळ नुसते उभे राहिले.

"मी एक शब्द जास्त बोललो," ते मला म्हणायचे, "आणि त्या पोराला माझ्या तोंडाने बुडवलं."

"तुम्ही खरं तेच बोललात," मी चिडून म्हणायचो.

"खरंच बोललो ना, म्हणून तर परत घेता येत नाही."

काही महिने असेच गेले. समुद्रात शोध थांबला. काकू परत दुकानात बसायला लागल्या, आणि नव्या डोळ्यांनी त्यांना प्रथम दिसला तो कचरा. "एवढ्या घाणीत बसत होते मी?" म्हणत त्यांनी स्टूल हलवलं, कोपरा झाडायला घेतला. स्टुलामागे खुंटीवरून घसरलेली त्यांचीच कापडी पिशवी पडली होती. तिच्यात एक पांढरा शर्ट, चुरगळलेला.

"अगं बाई, हा राहिलाच," काकू म्हणाल्या. "त्या गर्दीत कुणीतरी हळूच दिला होता हो. मी म्हटलं, घेत नाही आम्ही आता. तर म्हणाला, काकांना सांगू नका, काकू. आल्यावर नेतो. मला कुठे चेहरा दिसत होता तेव्हा! आवाजाचं म्हणाल तर इतका कलकलाट होता."

काकांची नजर चुकवून काकूंना कपडे देणारे पुष्कळ होते, त्यात नवल नाही. काकांनी सवयीने कॉलर उलटली. मग मला हाक मारली, अशी की मी हातातली काच टाकून धावलो.

कॉलरच्या आत ते बेरजेचं चिन्ह होतं.

काका हसले आणि रडले, दोन्ही एकदमच. "आल्यावर नेतो म्हणाला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "सगळे नव्हते हो नेले त्याने. यायचं होतं त्याला. घरी यायचं होतं."

मी म्हटलं, "बोलवा त्या टीव्हीवालीला. दाखवा तोंडावर."

"छे. कानाला खडा लावलाय मी. म्हणतील, आत्ताच आणून टाकला." ते शर्टाकडे बघत राहिले. "आधी त्याच्या आईला देतो. तिने हे ऐकायला हवं. बाकी जग गेलं खड्ड्यात."

पण शर्ट मळका होता. कॉलरवर घामाची तपकिरी रेघ, खिशाशी पेनाचा डाग, बाह्यांना सुरकुत्या. "असा कसा न्यायचा त्यांच्यापुढे?" काका म्हणाले, आणि काकूंनीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. शर्ट भिजत घातला. कॉलर मऊ ब्रशने, बोटांनी, हळूहळू घासली. पेनाचा डाग लिंबाने काढला. निळीतून काढला, बेताची खळ दिली, सावलीत वाळवला. मग इस्त्री. कॉलर, खांदे, बाह्या, पाठ, समोरची बाजू. इतकी सुरेख इस्त्री मी त्यांच्या हातूनही पाहिली नव्हती. मी दुकानातून येऊन दाद दिली, काकूंनी कोरा कागद आणला. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

काकांना एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून मी बरोबर गेलो. जिन्यातली अक्षरं कुणीतरी चुना फासून झाकली होती, तरी वाचता येत होती. काकांनी बंद दाराशी तोंड नेऊन सांगितलं, "ताई, मी लाँड्रीवाला. त्याचं काहीतरी द्यायचंय."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आई पूर्वी गल्लीतून चालली की तिच्या आवाजावरून कळायचं. आता तिचा आवाज शोधावा लागत होता. आम्हाला तिने बसायला सांगितलं. खुर्चीवर मुलाचा कोट टांगलेला होता, म्हणून आम्ही उभेच राहिलो.

काकांनी सगळं सांगितलं. गर्दी, काकूंचे डोळे, पिशवी. "काकांना सांगू नका, आल्यावर नेतो, असं म्हणाला तो."

"काय म्हणाला?"

"आल्यावर नेतो."

"पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. इतक्या महिन्यांत तिच्या मुलाच्या बाजूने बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही त्याचं स्वतःचं. "असाच होता तो," ती म्हणाली. "तुमच्यापासून लपवून! लहानपणीही मळके मोजे पलंगाखाली लपवायचा." ती हसली. मग तिने घाईघाईने कागद सोडला, शर्ट उलगडला आणि दोन्ही हातांनी त्यात तोंड खुपसलं.

ती तशीच राहिली. मग तिने शर्ट थोडा खाली घेतला, कॉलर उघडली, तिथे पुन्हा नाक नेलं. मग काखेपाशी. मग बाही.

"धुतलात का हो?" तिने विचारलं.

"हो तर," काका म्हणाले. "स्वतः धुतला. मशीनला दिला नाही. कॉलरवर घामाची रेघ होती, ती हाताने..."

ते तिथेच थांबले. त्यांचा हात अजून घासल्यासारखा हवेत होता. तो तसाच राहिला.

खोलीत खळीचा आणि साबणाचा वास येत होता. मला वाटलं, आता ती ओरडेल, काही फेकून मारेल. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने काकांकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की त्यांच्या लक्षात आलंय.

"छान निघालीय," ती म्हणाली. "रेघ दिसतसुद्धा नाही आता."

काका खाली बसले, फरशीवरच. "ताई, मी काय हो केलं," एवढंच म्हणत राहिले. तिने त्यांना पाणी आणून दिलं. मग टेबलावर शर्ट पसरून काकांच्याच घड्यांवर घडी घातली, कागदात गुंडाळला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. "आल्यावर नेतो म्हणालाय ना तो? मग इथे येऊन मागायचा नाही. तुमच्याकडेच मागेल."

तो शर्ट आजही लाँड्रीत, वरच्या फळीवर आहे. विमान सापडलेलं नाही. केशकर्तनालयवाला पुन्हा बेटावर आलाय, आणि अधूनमधून कुणीतरी दुकानापुढे थांबून फोटो काढतं, पण त्या फळीकडे कुणी बघत नाही. वैमानिकाची आई हल्ली बाहेर पडते. येता-जाता वर एक नजर टाकते, काकूंशी दोन शब्द बोलते आणि जाते. घडी मोडायला लागली की काका शर्ट खाली काढतात, कॉलरपासून सुरुवात करून इस्त्री फिरवतात आणि परत ठेवतात. धूत मात्र नाहीत.