फिरंग्याचा उजवा पाय

आमच्या गावात ज्याला त्याला कसला ना कसला मान आहे. कुणाला देवळातला पहिला नारळ, कुणाला पालखीचा पुढचा दांडा, कुणाला नुसती समई पुसायची. आमच्या घराण्याला फिरंग्याचा उजवा पाय. हसायचं तर हसा. तो मान मी बावीस वर्षं सांभाळला आणि तेविसाव्या वर्षी सोडला. का सोडला ते सांगायचं तर धाकूविषयी सांगावं लागेल, कारण पाय त्याचा होता.

धाकू फिटर मूळचा इब्रामपूरच्या पलीकडचा. हद्द ओलांडली की लागतं त्या गावातला, म्हणजे महाराष्ट्रातला. ऐंशी साली पाळी गावातल्या एका खाणीच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला आणि नदीच्या या अंगाला आमच्या गावात खोली घेऊन राहिला. पुढे फिटर झाला, कमलाक्षीशी लग्न केलं, दोन खोल्या बांधल्या, अंगणात तुळस लावली. त्याचं रेशनकार्ड आमच्या सोसायटीच्या दुकानाला लावलेलं आणि तिथे क्लार्क मी, त्यामुळे त्याच्या घरात साखर किती लागते हेही मला ठाऊक. माणूस कमी बोलणारा. हातात पाना असला की खूश.

सत्त्याऐंशी साली गोवा राज्य झालं. गावोगाव काहीतरी करायची टूम निघाली. आमच्या वांगड्यांनी, म्हणजे गावच्या जुन्या बारा घराण्यांनी, बैठक घेतली आणि ठरवलं की शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, मांडावर, देवाच्या पवित्र पटांगणावर, लढाई करून दाखवायची. आमच्या गावकऱ्यांनी फिरंग्यांची तुकडी म्हणे ओढ्यापाशी अडवली होती आणि त्यांच्या कप्तानाला लोळवलं होतं. कागद कुठे नाही, पण गोष्ट सगळ्यांना पाठ. निवेदन मराठीतून करायचं की कोकणीतून, यावरून दोन बैठका मोडल्या. तिसरीत ठरलं की निवेदनच नको, ढोल पुरे.

तलवारी पुठ्ठ्याच्या करणार होते. धाकू त्या दिवशी देवळाच्या फाटकाची बिजागरी जोडायला आला होता. त्यानं ऐकलं आणि मान वर न करता म्हणाला, "पुठ्ठ्याची तलवार? त्यापरीस काठी बरी. मी करून दितंय."

त्यानं खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकच्या तुटक्या कमानपाट्यापासून तलवारी काढल्या. धार रुपयाच्या नाण्याएवढी जाड, पण वजन खरं. मग त्याला वाटलं, तलवार खरी तर अंगावर शर्ट कसा चालेल? कुंपणाची तार सळईवर गुंडाळून त्यानं कड्या कापल्या आणि एकेका कडीत चार कड्या ओवून चिलखत विणायला घेतलं. कमलाक्षी रोज संध्याकाळी भाताला आधण ठेवून पक्कड घेऊन बसायची. चौदा हजार कड्या लागल्या. आतून घालायला तिनं जुन्या वाकळीचं जाड बिनबाह्यांचं जाकीट शिवलं, कारण लोखंड अडवतं ते कापणं, मार हाडाला लागतोच.

हे झालं आमच्या बाजूच्या सरदाराचं. फिरंग्याचं काम अवघड होतं. धाकू तीन रविवार जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये जाऊन व्हाइसरॉयांच्या चित्रांसमोर उभा राहिला आणि बसच्या तिकिटांच्या मागे पट्टे, खिळे, बिजागऱ्या काढून आला. रखवालदारानं दोनदा हटकलं. चित्रं सगळी समोरून काढलेली, पाठीवर पट्टे कसे आवळतात ते एकाही चित्रात दिसेना. ते त्यानं आपल्या डोक्यानं बसवलं. छातीला ऑइलच्या बॅरलचा पत्रा, नडग्यांना खनिजाच्या कन्व्हेयरचं रबर, डोक्याला ब्रेकच्या हवेच्या टाकीचं बूड कापून केलेला टोप. टोपाला डोळ्यांपुढे एकच आडवी फट. घातला की समोरचा माणूस छातीपासून गुडघ्यापर्यंत दिसायचा आणि बाकी जग ऐकून ओळखावं लागायचं.

सरदार कोण होणार यावर वाद नव्हता. बाबाजी. वांगड्यांपैकी, अंगानं दांडगा, स्वतःचा टिपर चालवणारा. फिरंगी व्हायला मात्र कुणी तयार होईना. मांडावर, देवासमोर, आपल्या घराण्यातला माणूस फिरंगी? आणि तोही हरलेला? बाराही घराण्यांत सर्वांत वडील गोकुळदास. त्यांनी विडा तोंडात या गालाकडून त्या गालाकडे नेला आणि निकाल दिला. "धाकू भायलो. ताका चलता."

भायलो म्हणजे बाहेरचा. धाकू हसला आणि हो म्हणाला.

तर अशी ती लढाई. मांडाभोवती चुन्याची रेषा, रेषेच्या आत वांगडी आणि त्यांच्या बायका, बाहेर बाकीचं जग. ढोल वाजायला लागला की दोघं भिडायचे आणि ती चकमक खोटी नसे. मानेवर मारायचं नाही, तोंडावर नाही, गुडघ्यामागे नाही, एवढंच बंधन. लोखंड लोखंडावर आदळलं की लहान मुलं आयांच्या पदरात शिरायची. मग सरदार तलवार दोन्ही हातांनी वर उचलायचा, ढोल एकदम थांबायचा आणि फिरंगी कोसळायचा. पडलेला मांडावर राहू द्यायचा नाही म्हणून चौघे धावत जाऊन त्याला हातापायांना धरून रेषेबाहेर ओढायचे. बायका सरदाराला ओवाळायच्या. पहिल्या वर्षी उजव्या पायापाशी मी होतो म्हणून दुसऱ्या वर्षी मीच, आणि पाचव्या वर्षी तो आमच्या घराण्याचा मान झाला. आमच्याकडे परंपरा व्हायला पाच वर्षं पुष्कळ झाली.

रेषेबाहेर, बरोबर ओढून नेऊन टाकायच्या जागेवर, कमलाक्षी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. ती दर वर्षी त्याच्या टोपाचा पट्टा सोडायची आणि तोंडावर पाणी मारायची. आम्ही तोवर आत पळालेलो असायचो, गुलालात.

एरवी लढणं हा धाकूचा छंद होता आणि तो त्यानं जिवापाड केला. खाणीच्या जुन्या खड्ड्याच्या काठावर मैदान होतं, तिथे दर रविवारी तो आणि बाबाजी सराव करायचे. पुढे आणखी सहाजण यायला लागले. त्यांची चिलखतं धाकूनंच विणली, कमलाक्षीनं कड्या दाबल्या. ढाल कशी धरावी, पाय कुठे ठेवावा, मार अंगावर कसा घ्यावा, सगळं त्यानं आपल्या अंगावरच्या काळ्यानिळ्या वळांवरून शोधून काढलेलं. खरं बोलायचं तर त्या मैदानावर बाबाजीला तो दहापैकी आठ वेळा सहज हरवायचा. बाबाजीही ते नाकारायचा नाही. तो सरावानंतर उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, आणि भाजी आणायचा, दोघं बॅरलवर बसून खायचे. फक्त एक गोष्ट सरावात कधी नसायची, कोसळणं. पडलं की पत्र्याला पोचा येतो आणि तो ठोकून काढायला दोन संध्याकाळी जातात. म्हणून तलवार वर गेली की दोघं थांबायचे. कोसळायचं ते वर्षातून एकदा, मांडावर, ढोल थांबल्यावर.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर धाकू बैठकीला आला. यापूर्वी कधी आला नव्हता. दारातच उभा राहिला. गोकुळदासांनी बस म्हटलं तरी बसला नाही.

"खांदो गेलो माझो," तो म्हणाला. "दागतर म्हणता, आता वजन उचलू नको. यंदाचा शेवटचा. तेवीस वर्सां होतली. एकदा माका रेषेच्या आत रवाचा आसा."

"म्हणजे जिंकायचं आहे तुला?" मी विचारलं.

"जिंकाचा नाय. जिंकाक माका मैदान आसा. आत रवाचा आसा."

आत राहायचं, ओढलं जायचं नाही, एवढंच त्याचं मागणं. त्या खोलीत बसलेल्या निम्म्या लोकांच्या मुलांच्या अंगावर त्यानं विणलेली चिलखतं होती. मला लाज वाटली, ती मी तपकिरीबरोबर आत ओढली. शेवटी गोकुळदास म्हणाले, "देवाक विचारूंया."

कौल लावला. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार. एरवी तास तास ताटकळावं लागतं. त्या दिवशी भटानं हात मागे घेतला नाही तोच उजवी पाकळी खाली आली. देवाला विचार करायला वेळ लागला नाही. लागला तो आम्हाला, आणि तोही बावीस वर्षं.

आता बाबाजी फिरंगी. त्याला एवढीच काळजी, "म्हजो पाय कोण ओडटलो? शंभू? तो हळू ओडचो ना." मी म्हटलं, हळूच ओढीन, वाटल्यास खाली गोणपाट घालतो. सगळे हसले. धाकूही हसला. त्यानं बॅरलचा पत्रा बाबाजीच्या पोटाला पुरेल असा वाढवून दिला. गोकुळदासांच्या सुनेनं स्वतः जाऊन कमलाक्षीला सांगितलं, यंदा तुझी जागा आत, ओवाळायचं तबक तुझ्या हातात. कमलाक्षीनं त्या दिवसासाठी नवं लुगडं घेतलं. दुकानात आली तेव्हा मला म्हणाली, "तांब्यो कोणाकडे दिवचो, समजना." मी म्हटलं, यंदा बाबाजीची बायको बघेल तिच्या नवऱ्याचं.

शिगम्याचा तो दिवस. धाकू पहिल्यांदा सरदाराच्या चिलखतात रेषेच्या आत आला. आजवर फिरंगी होऊन आत यायचा तेव्हा पोरं हुर्यो करायची. त्या दिवशी त्याच्या कपाळाला गोकुळदासांनी गंध लावलं. सरदाराचा टोप उघडा असतो, त्यामुळे त्याचा चेहरा आम्हाला मांडावर पहिल्यांदाच दिसत होता. पन्नाशीचा, काळवंडलेला, घाबरलेला चेहरा. कमलाक्षी तबक घेऊन बायकांच्या पुढच्या रांगेत.

ढोल सुरू झाला. खांदा दुखत असूनही धाकू असा लढला की सराव न बघितलेल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. बाबाजी मागे मागे सरकत होता आणि ते नाटक नव्हतं. शेवटी धाकूनं तलवार दोन्ही हातांनी धरून वर नेली. खांद्याची कळ त्याच्या तोंडावर दिसली. ढोल थांबला.

आणि धाकू कोसळला.

उघड्या टोपातून त्याला सगळं दिसत होतं. पण तो बावीस वर्षं डोळ्यांनी नव्हे, कानांनी लढलेला. ढोल थांबला की पडायचं, हे त्याच्या गुडघ्यांना ठाऊक होतं, त्याला विचारायची गरज त्यांना नव्हती. बाबाजी फिरंग्याच्या वेषात तलवार धरून तसाच उभा. त्याला तर काहीच दिसत नव्हतं.

इथपर्यंतची चूक धाकूची. पुढची आमची. आम्ही चौघे धावलो. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी थांबून बघितलं नाही कोण पडलंय ते. मी वाकलो, उजवा पाय धरला, ओळखीचा पाय, आणि ओढला. गोणपाट घालायचा राहिलाच. त्या चौदा हजार कड्या जमिनीवरून खरखरत गेल्या. कपाळावर गंध लावलेला आमचा सरदार आम्ही फरफटत नेला आणि रेषेबाहेर टाकला, नेहमीच्या जागेवर.

तिथे तांब्या घेऊन कुणी नव्हतं, बाबाजीची बायकोही अजून आतच होती. तेव्हा मला कळलं.

बाहेरची माणसं हसत होती, त्यांना वाटलं यंदा गोष्ट बदलली. धाकू पाठीवर पडल्या पडल्या आभाळाकडे बघत होता.

"ढोल थांबलो मां?" त्यानं विचारलं.

गोकुळदास आयुष्यात पहिल्यांदा घाईनं चालत आले. रेषेच्या आत थांबून म्हणाले, "धाकू, परत करूंया. कोण कितें म्हणटलो?"

"नको," धाकू म्हणाला. "देवान माका आत घेतलो हुतो. मीच पडलंय."

तो पडला हे खरं. पण पडलेला माणूस आपण होऊन रेषेबाहेर जात नाही. हे मी त्याला म्हणायला हवं होतं आणि मी नुसता तिथेच वाकून राहिलो. कमलाक्षीनं तबक खाली ठेवलं. नवं लुगडं सावरत ती मांडावरून चालत आली, रेषा ओलांडून बाहेर आली आणि त्याच्या डोक्यापाशी बसून टोपाचा पट्टा सोडू लागली. धाकूनं मान थोडी वर उचलून माझ्याकडे बघितलं.

"शंभूभाई," तो म्हणाला, "पाय सोडा आता."