जेवणाच्या सुट्टीतले बाराशे लेख

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना पोरं 'गप्पबाई' म्हणत. 'गप्प बसा' याशिवाय बाई काही बोलतच नाहीत असा त्यांचा समज, आणि तो फारसा चुकीचाही नव्हता. बाई तोंड उघडून बोलायच्या ते एकाच विषयावर, लेखांच्या डेटाबेसवर. अभ्यासकांनी तपासून छापलेले हजारो लेख तिथे नुसते शोधायचा अवकाश, आणि आपली पोरं मात्र इंटरनेटवर पहिलं दिसेल ते उतरवून प्रकल्प लिहितात, याचा त्यांना मनापासून राग यायचा.

सत्र सुरू होतानाच प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. "मॅडम, त्या डेटाबेसचे कंपनीला दरवर्षी पैसे भरतो आपण, पण हे वापरतं कोण? उतरवलेल्या लेखांचा आकडा वाढला नाही, तर सत्रानंतर बंद करतो."

बाईंचा जीव टांगणीला लागला. नव्या मुलांना शोधायला शिकवते, एक तास द्या, म्हणून त्यांनी अर्ज केला. वेळापत्रकात जागा निघाली ती दोन महिन्यांनी. तोवर आकडा काय आभाळातून पडणार होता?

मग बाईंनी जे केलं ते ग्रंथपालाशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, एका हाताने घास घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने डेटाबेसमधले लेख कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. माशांचे कल्ले, पुलांचे तडे, समोर येईल तो. वाचायचा एकही नाही.

घरी त्यांनी मोठ्या बहिणीला सांगितलं.

"अगं, ही कसली नसती उठाठेव? कुणाला कळलं म्हणजे?"

"चोरी थोडीच करतेय, ताई."

"मग माझ्या कानात का सांगतेस?"

आकडा मात्र बाराशेवर गेला. प्राचार्य इतके खूश झाले की म्हणाले, "तुमच्या तासाला मीच येऊन बसतो." झालं, आता त्यांच्यासमोर आकडा कमी दिसून चालणार नव्हतं. तासाच्या आदल्या दिवशी त्या भीतीपायी त्यांनी एका बैठकीत नव्वद लेख उतरवले.

तासाला साठ पोरं होती आणि शेवटच्या बाकावर प्राचार्य. विषय बाईंच्या घरचा होता. "अख्खा प्रश्न टाकू नका रे. मशीन म्हणजे तुमची मावशी नव्हे, समजून घ्यायला. नेमके दोन-तीन शब्द टाका. फार लेख आले तर एक शब्द वाढवा, काहीच नाही आलं तर एक काढा." पोरं चक्क ऐकत होती. पडद्यावर यादी आली. बाईंनी पहिल्या लेखावर क्लिक केलं.

लेख उघडला नाही. त्याजागी सूचना आली: या संस्थेतून काल अल्पावधीत प्रमाणाबाहेर लेख उतरवले गेल्याने संस्थेचा प्रवेश थांबवण्यात आला आहे.

पुढच्या बाकावरच्या एकाने ती मोठ्याने वाचूनही दाखवली. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

प्राचार्य उठले. "कुणाचा हा उद्योग? काल लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर कोण होतं?"

मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती रोज यायची, खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. "मी होते, सर. मी चार लेख उघडले. मला माहीत नव्हतं की..."

"चार की चारशे?"

आता गप्प राहिलं की सुटका होती. पोरगी नवी आहे, तिला ताकीद मिळेल आणि विषय मिटेल, हे बाईंच्या मनात येऊन गेलं. तसं ते आलं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"सर, तिला बसू द्या. ते मी केलंय."

"तुम्ही?"

"दोन महिने, रोज. आकडा वाढावा म्हणून. बंद झालं असतं तर या पोरांना त्या लेखांकडे जायचं दारच उरलं नसतं हो." आणि ते दार आपणच बंद करून बसलोय, हे बोलता बोलता त्यांना कळलं.

प्राचार्यांनी पडद्यावरची सूचना पुन्हा वाचली. "म्हणजे बाराशेतले खरे किती?"

"चार, सर. हिने उघडले तेवढेच."

मुलगी अजून उभीच होती. बाईंकडे बघून ती हळूच म्हणाली, "बाई, दोनच. दोन मी चुकून उघडले होते."

प्राचार्यांनी बाक पुढे ओढला आणि ते पुन्हा बसले. "खुलासा उद्या टेबलावर पाहिजे, मॅडम. कंपनीला पत्रही तुम्हीच लिहायचं." मग ते त्या मुलीकडे वळले. "आणि तू सांग, ते दोन कसे शोधलेस?"