आधी कसा होता?

अक्का गेल्याचा फोन तिच्या विद्यार्थिनीने केला. मूळची मिरजेची ही मुलगी, बंगळूरच्या संस्थेत अक्काच्या हाताखाली काम करायची. "काका, व्याख्यान देतानाच मॅडमचं हृदय बंद पडलं..." मग चाचरत म्हणाली, की मॅडमनी स्वतःचा मेंदू संशोधनासाठी द्यायचं ठरवून ठेवलंय, तुमची संमती हवी. माझं टाळकंच सटकलं. बहीण गेल्याचं अजून कानात शिरलं नव्हतं आणि ही मेंदू मागत होती. साताऱ्याच्या माझ्या घरात आई शेजारीच बसलेली. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "दे त्यास्नी. तिनं बापाचा दिला, मग तिचा का ठिवायचा?" मी हो म्हणालो. त्याला आता दोन महिने होत आले.

आमची अक्का म्हणजे डॉ. सुनंदा. डोक्याला मार बसला की माणसाच्या रागाचं काय होतं, हे शोधण्यात तिने जन्म काढला. त्यासाठी तिला लांब जावं लागलं नाही. आमचे बाबा फौजेत होते. अक्का तान्ही असताना त्यांच्या गाडीखाली सुरुंग फुटला आणि ते कायमचे गावी, कुंडलला परतले. मला आठवणारे बाबा म्हणजे कमरेचा पट्टा, मुठीत धरलेले आईचे केस आणि भिंतीवर आपटलेलं तिचं डोकं. मी पाळण्यात होतो तेव्हा त्यांनी आईवर फेकलेला पितळी तांब्या चुकून अक्काच्या कपाळावर बसला. कपाळाचं रक्त तिच्या डोळ्यांत ओघळलं, तांब्याला पोचा पडला. धावून आलेले शेजारी नेहमीचंच बोलून गेले, "सुरुंगानं डोस्कं फिरलंय, त्येचा काय दोष?" पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. बाप वाईट आहे म्हणण्यापेक्षा तो जखमी आहे म्हणणं सोपं होतं. मला तर तसं म्हणण्याची फारच गरज होती, कारण राग माझ्याही नाकावरच.

डोकं फिरतं म्हणजे आत नेमकं काय फिरतं, हे बघायला अक्का मेंदूच्या शास्त्रात शिरली. स्फोटातून वाचलेले जवान, आखाड्यात डोक्यावर आदळलेले पैलवान यांच्या घरी ती जाऊन बसायची, त्यांच्या बायकांना त्यांच्या रागाविषयी विचारायची. दान मिळालेल्या मेंदूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघायची. रागाला लगाम घालणारे मेंदूतले धागे धक्क्याने कसे तुटतात, ते तिने दाखवून दिलं. परदेशातले शास्त्रज्ञ तिच्या निबंधांचे दाखले देऊ लागले. त्यातलं मला निम्मं कळायचं, पण बाबा निर्दोष ठरत चाललेत एवढं नक्की कळायचं.

बाबा सांगलीच्या दवाखान्यात वारले, तेव्हा आईच्या संमतीने त्यांचाही मेंदू काढून घेतला गेला. प्रेताला आंघोळ घालताना चुलत्याला टाके दिसले आणि तो काठी घेऊन अक्काच्या अंगावर धावला. "बापाची कवटी कापलीस व्हय गं?" काठी मी खांद्यावर झेलली. स्मशानात चिता भडकली, माणसं रिवाजाप्रमाणे कवटी फुटल्याचा आवाज ऐकायला थांबली. कापलेली कवटी फुटत नाही. आमच्याकडे बघत सगळे पांगले.

काही महिन्यांनी अक्का आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. बाबांच्या मेंदूचे काप तिने स्वतः तपासले होते, दुसऱ्यांकडूनही तपासून घेतले होते. "आई, काहीच सापडलं न्हाई. मेंदू धड हुता."

आई भाकरी थापत होती, ती थांबली नाही. "अंगाची हळद निघाली नव्हती तवा पयलं लाथाडलं मला. तवा कुठला सुरुंग?"

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमी सुरुंग सुरुंग म्हनत हुता. मला कवा कुनी इच्यारलं?"

जगभरच्या बायकांना नवऱ्याविषयी विचारणाऱ्या अक्काने आपल्या आईला विचारलं नव्हतं. तिथून तिचं काम बदललं. नवऱ्याने मार कधीपासून सुरू केला, आधी कसा होता, हा प्रश्न बायकोला एकटीला गाठून विचारल्याशिवाय मेंदूकडे बोट दाखवायचं नाही, असं तिने ठणकावून लिहिलं. स्वतःच्या जुन्या निष्कर्षांनाही तिने तो प्रश्न लावला. आज तिचे विद्यार्थी कुठे कुठे पांगलेत, पण तपासणीची सुरुवात त्या प्रश्नाने करतात.

माझी मात्र झोप उडाली. सुरुंगाचं कारण गेलं, मग हा राग रक्तातूनच आलाय का? मी तसं विचारलं तेव्हा अक्काने माझं मनगट धरलं. "त्यांचा हात त्यांचाच हुता. तसा तुझा तुझाच हाय. रक्ताला बोल लावू नगंस." त्या वाक्याचा आधार मला अजून पुरतोय.

अक्काच्या चितेपाशीही माणसं आवाजासाठी थांबली. "न्हाई यायचा आवाज. चला," मीच म्हणालो. दिवसकार्य उरकल्यावर ती विद्यार्थिनी आईला भेटायला आली. अक्काच्या कामाच्या टेबलावर असायचा तो पोचा आलेला तांब्या तिने आईच्या हाती दिला आणि हळूच विचारलं, "आजी, हा लागायच्या आधी मॅडम कशा होत्या?"

आईने पोच्यावरून अंगठा फिरवला. "लय हसायची," ती म्हणाली. "पार गल्लीच्या टोकापतुर ऐकू जायाची."

मी अक्काला मोठ्याने हसताना कधीच ऐकलं नव्हतं... ती मुळातच अशी, असं मी जन्मभर समजत आलो.