लवू परबाचं दाट रक्त

मुंबईत असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या लवू परबाला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या : आवाज आणि हिमोग्लोबिन. कंपनीच्या तपासणीत ते एकोणीस निघालं, तेव्हा लवूने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. त्याची बायको वनमाला गोळ्या खाऊनही दहाच्या पुढे सरकत नव्हती.

"तुझा रगत म्हणजे नुसती पेज गो!" लवू चारचौघांत सांगायचा.

रिपोर्टखाली 'डॉक्टरांना भेटा' असं छापलं होतं. ती सूचना अशक्तांसाठी असणार, हे लवूने स्वतःच ठरवून टाकलं. त्याच्यासारख्याला सिगारेट बाधत नाही आणि पाणी तर लागतच नाही. अंघोळीनंतर अंग खाजायचं, डोकं जड व्हायचं, चेहरा लालबुंद दिसायचा. वनमालाने विषय काढला की उत्तर तयार : "तेज आसा ता."

एका रविवारी पाण्याची मोठी बाटली खांद्यावर घेऊन चढताना हे तेज अर्ध्या वाटेत मटकन पायरीवर बसलं. छाती आवळलेली, सदरा घामाने ओलाचिंब. शेजाऱ्यांनी धरून खाली उतरवलं आणि वनमालाने त्याला रिक्षात कोंबलं.

हॉस्पिटलात डॉक्टर गंधालीने कार्डिओग्राम आणि रक्त दोन्ही तपासलं. "काका, अटॅक थोडक्यात टळलाय. रक्त फार दाट आहे तुमचं. ते ढकलून हृदय दमतं, आणि गुठळी झाली तर वाट लागेल. का दाट होतंय ते शोधूच, पण आधी थोडं काढावं लागेल."

"काढून कोणाक देतलात?" लवूने जरा ऐटीत विचारलं.

"कोणालाच नाही. फेकून देणार."

गावची जमीन सरकारने फुकटात घेतल्यासारखा लवूचा चेहरा झाला. डॉक्टर गेल्यावर त्याने वनमालाला हळूच विचारलं, "घाबरलंस काय गो?"

"मग! माझी पेजच ती, गोठायला कितीसा वेळ?" वनमाला म्हणाली आणि पदराने डोळे पुसत तिने त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

आता लवू अधूनमधून रक्त काढून घ्यायला जातो, गोळी घेतो, तोंड वाकडं करून तांब्या तांब्या पाणी पितो. छाती पुन्हा दुखली नाही. सुई दिसली की मात्र हा बहाद्दर डोळे गच्च मिटून बायकोचा हात धरतो. वनमाला धरू देते आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर भावजयीशी गप्पा चालू ठेवते.