वाळवणामागे उभा ट्रक

आठ तासांच्या कायद्याचं नाव काढलं की आमच्या ह्यांना हसू यायचं. ट्रक ड्रायव्हरने दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवायची नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. ऐंशीच्या त्या दशकात साकीनाक्याच्या एकाही ट्रान्सपोर्टवाल्याने ते मनावर घेतल्याचं मी पाहिलं नाही. इंदूरहून निघालेला माणूस मुलुंडच्या जकात नाक्यापर्यंत जागा कसा राहतो, हे कुणी विचारायचंच नाही. चहा प्या, तोंडावर पाणी मारा आणि चला!

वाटेत थांबावं म्हटलं तर थांबायचं कुठे? हायवेच्या कडेला गाडी लावली की हवालदार दारावर काठी आपटायचा. आडबाजूला लावली की ताडपत्री कापून माल लंपास, टाकीतलं डिझेल गायब, आणि भरपाई ड्रायव्हरच्या पगारातून. म्हणून हे डोळे ताणत घरी यायचे.

एका मे महिन्यात ते सकाळीच आले, ते ट्रक थेट चाळीसमोर लावून. किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "कसाऱ्याच्या घाटात डोळा लागला गं. उघडला तेव्हा समोर कठडा होता." आणि कपडेही न बदलता आडवे झाले. मी पापड लाटत होते. असा संताप आला की लाटणं भिंतीवर मारावंसं वाटलं.

मालकाचा मुकादम येणार हे ठरलेलं. गोदामात गाडी खाली करायची, लगेच सुरतेचा माल भरायचा. म्हटलं, बघतेच कशी हलते गाडी. किल्ली कमरेला खोचली आणि खाली गेले. चाळीतल्या बायका पटांगणात वाळवण घालत होत्या. मी वाळवणाचं जुनं धोतर पापडांसकट ट्रकच्या पुढे अंथरलं. शेजारीण मराठवाड्यातली. कारण ऐकलं आणि तिने आपली कुरडयांची बाज उचलून ट्रकच्या मागे आणून टाकली. बघता बघता गाडीच्या चारी बाजूंना वाळवण झालं.

मुकादम आला. "वहिनी, उठवा त्याला. उशीर होतोय."

"नाही उठवणार."

"मग किल्ली द्या, दुसरा ड्रायव्हर आणतो."

"ती पण नाही देणार. आणि आणलात तरी गाडी काढणार कुठून?"

"हे काय नाटक लावलंय? उचला ते सगळं! मालकासमोर माझी वाट लागेल."

"हात तर लावून बघ," शेजारीण म्हणाली. "एक कुरडई मोडली ना, तर मी आहे आणि तू आहेस."

त्याने धोतर ओलांडायला पाय उचलला आणि मागे घेतला. तोही घाटकोपरच्या चाळीत वाढलेला. लहानपणी आईच्या पापडांवरचे कावळे हाकलले असणार त्याने. दुसऱ्याच्या वाळवणावरून पाय टाकणं त्याला जमेना. चडफडत तो जिन्याच्या पायरीवर बसला.

ऊन डोक्यावरून पलीकडे गेलं. पापड केव्हाच कडक वाळले होते. एरवी आतापर्यंत डब्यात गेले असते, पण आज एकाही बाईने त्यांना हात लावला नाही. शेवटी मुकादमानेच वाकून एक उचलला आणि वाजवून पाहिला.

"वाळले की, वहिनी."

वरच्या खोलीतून ह्यांचं घोरणं ऐकू येत होतं.

"नाही," मी म्हटलं, "अजून ओले आहेत."